यूवर्ल्ड 58, एनबीएमई 65: स्टेप 1 ला बसावं की तारीख पुढे ढकलावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजमधून एमबीबीएस, इंटर्नशिप संपत आलेली, यूएसएमएलई (अमेरिकेत डॉक्टरकी करण्याच्या परवान्याची परीक्षा) स्टेप 1 ची मुंबईतली तारीख 12 दिवसांवर. यूवर्ल्ड या ऑनलाइन प्रश्नसंचाची पहिली फेरी 90 टक्के झाली आहे, सरासरी 58 टक्के. एनबीएमई या अमेरिकी परीक्षा-संस्थेचे तीन फॉर्म, म्हणजे सराव परीक्षा, सोडवले: सहा आठवड्यांपूर्वी 61, तीन आठवड्यांपूर्वी 66 (हा मित्राकडून आलेल्या पीडीएफवर), पाच दिवसांपूर्वी 65. फ्री 120 या मोफत सराव संचाला अजून हात लावलेला नाही. यावरून पास होईन का? आणि पुढे स्टेप 2 सीकेला (यूएसएमएलईच्या पुढच्या टप्प्याला) किती पडतील याचा अंदाज येईल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. आज परीक्षा दिलीत तर पास होण्याची शक्यता नापास होण्यापेक्षा बरीच जास्त आहे. पण परदेशी, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या, पदवीधराने ज्या भरवशावर प्रोमेट्रिकच्या परीक्षा केंद्रावर जावं, तेवढी ती नाही. पाच-सहा दिवसांनी एक न पाहिलेला फॉर्म ऑनलाइन, वेळ लावून, एका बैठकीत सोडवा. 68 किंवा त्याहून जास्त आले तर ठरलेल्या तारखेला बसा. 65 च्या खाली गेलात तर तारीख हलवा. मधला आकडा आला तर काय करायचं, ते पुढे सांगतो. स्टेप 2 सीकेचा अंदाज मात्र या आकड्यांवरून बांधू नका. ती परीक्षा वेगळी आणि तिचे सराव फॉर्मही वेगळे.

तुमच्या यादीतला सगळ्यात वजनदार आकडा आहे 65. सगळ्यात हलका आहे यूवर्ल्डचा 58, आणि बहुतेकांची झोप नेमका तोच उडवतो.

एनबीएमईची स्टेप 1 ची सराव परीक्षा, म्हणजे सीबीएसएसए, 200 प्रश्नांची असते: 50 प्रश्नांचे चार भाग, प्रत्येकाला 75 मिनिटं. अहवालात मिळणारा 65 हा आकडा म्हणजे 200 पैकी 130 बरोबर असा सरळ हिशोब नव्हे. फॉर्म कमीजास्त अवघड असतात, म्हणून कच्चे गुण एका समान मापावर आणले जातात. एखाद्या कठीण फॉर्मवर तुमचे प्रत्यक्ष 63 टक्के बरोबर असले तरी समान मापावर तो आकडा 65 होऊ शकतो. एनबीएमईने या मापावर 62 ते 68 हा काठावरचा पट्टा म्हणून दाखवला आहे. त्याखाली धोका, त्यावर सुरक्षित. शिवाय अहवालात एक शक्यता छापलेली असते: आठवड्याभरात स्टेप 1 दिली तर पास होण्याची. 65 ला ती 80 च्या वर असते, 70 ला 95 च्या पुढे जाते.

80 च्या वर म्हटलं की जीव भांड्यात पडतो. पण तीच गोष्ट उलटी मांडून बघा. 85 टक्के धरले तर असे गुण घेऊन बसणाऱ्या साधारण सात जणांमागे एक नापास होतो. आणि त्या ओळीतले ‘आठवड्याभरात’ हे शब्द शोभेचे नाहीत. आज 65 घेऊन पाच आठवड्यांनी परीक्षा दिलीत, मधे इंटर्नशिपच्या नाइट ड्युट्या लागल्या, बायोकेमिस्ट्री आणि फार्मा पुसट झालं, तर ती टक्केवारी तुमची राहत नाही.

आता यूवर्ल्ड. त्या क्यूबँकेत स्टेप 1 चे साडेतीन हजारांहून जास्त प्रश्न आहेत. एवढ्या प्रश्नांवरची सरासरी योगायोगाने फारशी हलत नाही, म्हणून तो आकडा पक्का वाटतो. पक्का तो आहेच, पण तो मोजतो भलतंच. परीक्षेच्या दिवशी तुम्हाला किती येतं हे तो मोजत नाही. गेल्या सात-आठ महिन्यांत, विषय शिकत असताना, वेगवेगळ्या पातळ्यांवर तुम्हाला किती येत होतं याची ती गोळाबेरीज आहे. एक हिशोब करून पाहा. पहिल्या 2400 प्रश्नांवर 54 टक्के, नंतरच्या 800 वर 68 टक्के. बरोबर उत्तरं 1296 अधिक 544, म्हणजे 3200 पैकी 1840. डॅशबोर्डवर दिसतात 57.5 टक्के. तुमच्या 58 च्या मागे हेच चित्र असू शकतं. किंवा याच्या उलटही: सुरुवातीला 60 आणि आता थकून 52. दोन्ही विद्यार्थ्यांच्या डॅशबोर्डवर जवळपास सारखा आकडा, पण दोघांना द्यायचा सल्ला अगदी विरुद्ध.

म्हणून एकूण सरासरी बाजूला ठेवा आणि शेवटचे 10 ते 15 ब्लॉक काढा. त्यातले फक्त मिश्र विषयांचे, वेळ लावून केलेले, पहिल्यांदाच पाहिलेल्या प्रश्नांचे ब्लॉक मोजा. ट्यूटर मोडमध्ये केलेला ब्लॉक धरू नका, कारण प्रत्येक प्रश्नानंतर स्पष्टीकरण वाचलं की पुढचे दोन-तीन प्रश्न आपोआप सोपे होतात. एकाच विषयाचा ब्लॉकही धरू नका. रीनल वाचून रीनलचे 40 प्रश्न केले तर निदानाचं अर्धं काम आधीच झालेलं असतं: आजार मूत्रपिंडाचा आहे हे तुम्हाला माहीत असतं. खऱ्या परीक्षेत धाप लागलेला पेशंट हृदयाचा, फुप्फुसाचा, रक्ताचा की मूत्रपिंडाचा, हे ओळखण्यातच निम्मे गुण जातात. आणि दुसऱ्या फेरीची टक्केवारी तर अंदाजासाठी वापरूच नका. 80 टक्के आले म्हणून पेढे वाटणारे असतात, पण त्यातला मोठा भाग आठवणीचा असतो. सहा महिन्यांनीसुद्धा एखादं चित्र बघितल्याबरोबर उत्तर डोळ्यासमोर येतं आणि ते का बरोबर, हे सांगता येत नाही.

ब्लॉक मोजताना आणखी एक काम करा. प्रत्येक प्रश्नाखाली बाकीच्यांपैकी किती टक्के लोकांचं बरोबर आलं, हे यूवर्ल्ड दाखवतं. ब्लॉकभर त्याची सरासरी घ्या आणि आपल्या गुणांतून वजा करा. 62 टक्के मिळाले आणि इतरांची सरासरी 58 असेल तर तुम्ही चारने पुढे. 58 मिळाले आणि इतरांची 50 असेल तर आठने पुढे, म्हणजे दुसरा ब्लॉक आकड्याने लहान असूनही कामगिरी चांगली. हा फरक सलग दहा ब्लॉकमध्ये शून्याच्या वर टिकत असेल तर तयारी बरी चालली आहे. पास-नापास मात्र त्यावरूनही ठरवू नका. यूवर्ल्ड हे शिकण्याचं साधन आहे. त्यातले प्रश्न मुद्दाम दोन-तीन पायऱ्यांचे, फसवे पर्याय घालून केलेले असतात. त्यावर 58 म्हणजे खऱ्या परीक्षेत 58 नव्हे. यूएसएमएलईच्या म्हणण्यानुसार पास होण्यासाठी साधारण 60 टक्के प्रश्न बरोबर यावे लागतात, पण ते 60 टक्के त्यांच्या प्रश्नांवरचे.

एका ब्लॉकवरून मनाचे चढ-उतार होऊ देऊ नका, असं सगळेच सांगतात. का, ते गणिताने पाहू. पीएसएममध्ये (कम्युनिटी मेडिसिनमध्ये) शिकलेला स्टँडर्ड एरर, म्हणजे योगायोगाने आकडा किती हलू शकतो याचं माप, इथे कामी येतो. तुमची खरी पातळी 65 टक्के असेल तर 40 प्रश्नांच्या ब्लॉकमध्ये नुसत्या योगायोगाने साडेसात टक्क्यांचा स्टँडर्ड एरर येतो. म्हणजे सकाळी 57 आणि दुपारी 73 आले तरी तुम्ही माणूस तोच. 200 प्रश्नांच्या फॉर्मला हा एरर सुमारे 3.4 वर येतो. दोन फॉर्मची तुलना करताना दोघांचे एरर एकत्र होतात, सुमारे 4.8. तेव्हा 61 वरून 65 ही चढण खरी असेलही, नसेलही. एवढ्या फरकावरून ‘आठवड्याला एक टक्का वाढतोय, म्हणजे 12 दिवसांनी 67’ असं गणित मांडू नका. तीन फॉर्म 61, 65, 69 असे सरळ चढत गेले तर मात्र त्याला अर्थ आहे.

याच कारणासाठी सगळ्यात चांगला फॉर्म आपला खरा आणि सगळ्यात वाईट फॉर्म ‘त्या दिवशी डोकं दुखत होतं’ म्हणून सोडून द्यायचा, ही सवय घातक ठरते. चार फॉर्ममधला सर्वोच्च आकडा हा जवळजवळ नेहमीच थोडा नशिबाचा असतो, पुढचा आकडा खाली येतो. शेवटच्या तीन-चार आठवड्यांतल्या दोन किंवा तीन फॉर्मची सरासरी घ्या, डोकेदुखीसकट. डोकं परीक्षेच्या दिवशीही दुखू शकतं.

आता तुमचा तो 66. पीडीएफवर सोडवलेला फॉर्म हिशोबातून काढून टाका. पीडीएफवर समान मापावर आणलेला आकडा मिळत नाही. तुम्ही 200 मधून चुका वजा करून कच्ची टक्केवारी काढली असणार, किंवा कुणीतरी टेलिग्रामवर टाकलेला तक्ता वापरला असणार. त्या फॉर्मच्या काठिण्यावर तो 63 ही असू शकतो आणि 68 ही. शिवाय अशा पीडीएफमध्ये उत्तरं कधी कधी चुकीची असतात, आणि वेळेचं बंधन ‘थोडं वर-खाली’ झालेलं असतं. कॉपीराइटचा प्रश्न वेगळाच. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं: हेच प्रश्न नोट्समध्ये, यूट्यूबवरच्या चर्चांमध्ये आणि अभ्यासगटांत फिरतात. पुढचा ऑनलाइन फॉर्म उघडता तेव्हा त्यातले 10-15 प्रश्न आधी कुठेतरी ऐकलेले असतात. 200 मधले 12 प्रश्न आधी माहीत असतील आणि त्यातले चार-पाच एरवी चुकले असते, तर आकडा दोन-अडीच टक्क्यांनी फुगला. काठावरच्या पट्ट्यात दोन टक्के म्हणजे पास-नापासातलं अंतर.

खऱ्या परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांच्या, म्हणजे रिकॉलच्या, फाइल्स तर लांबच ठेवा. जानेवारी 2024 मध्ये यूएसएमएलईने नेपाळशी संबंधित काही परीक्षार्थींचे निकाल संशयास्पद आकडेवारीवरून रद्द केले. सरावाच्या आकड्यांचा विचार करतानाही हे लक्षात असू द्या: फुटलेले प्रश्न वाचलेल्या माणसाचा सराव फॉर्म त्याची तयारी सांगत नाही, त्याला कोणती फाइल मिळाली हे सांगतो.

फॉर्म कसा सोडवता यावरही आकड्याची किंमत ठरते. 50 प्रश्नांना 75 मिनिटं म्हणजे प्रश्नाला 90 सेकंद, खऱ्या परीक्षेचाही वेग हाच. पण फॉर्म 200 प्रश्नांचा आणि स्टेप 1 जास्तीत जास्त 280 प्रश्नांची, आठ तासांच्या दिवसाची. शेवटचे 80 प्रश्न कोणत्याच फॉर्ममध्ये मोजले जात नाहीत. त्यासाठी अहवाल आला की एकूण आकड्याआधी चार भागांचे वेगवेगळे गुण लिहून काढा. समजा ते 50 पैकी 38, 36, 33 आणि 29 आहेत. बेरीज 136, म्हणजे 68 टक्के, छान. पण पहिल्या 100 मध्ये 74 आणि दुसऱ्या 100 मध्ये 62. या विद्यार्थ्याचे पुढचे 80 प्रश्न 74 च्या पातळीवर जाणार नाहीत. एकाच फॉर्मवर 12 गुणांची घसरण योगायोगानेही होऊ शकते, तिथला एरर सुमारे 6.6 आहे. सलग दोन फॉर्ममध्ये तीच घसरण दिसली तर मात्र ती खरी धरा, आणि तुमच्या 68 ला 65-66 समजा.

अशा घसरणीवर आणखी वाचन हा इलाज नाही. एकदा तरी पूर्ण लांबीचा दिवस काढावा लागतो. एनबीएमईचे 200 प्रश्न आणि लगेच त्यापुढे यूवर्ल्डचे 40-40 चे दोन न पाहिलेले ब्लॉक, सकाळी परीक्षेच्या वेळेला सुरू करून. ब्रेक घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत, जेवण परीक्षेच्या दिवशी जे नेणार तेच. भरपेट भात खाऊन पाचवा भाग सोडवला की काय होतं, ते घरीच कळलेलं बरं.

एनबीएमईचे प्रश्न यूवर्ल्डपेक्षा आखूड असतात, हेही ध्यानात ठेवा. खऱ्या परीक्षेत पेशंटची हकिगत, तपासण्यांचा तक्ता आणि मग प्रश्न, असे लांब प्रश्न भेटतात. एनबीएमईमध्ये प्रत्येक भागाला 10-12 मिनिटं उरतात म्हणून निर्धास्त झालेले लोक परीक्षेत शेवटचे पाच प्रश्न अंदाजाने टिक करून बाहेर पडतात. इथे फ्री 120 उपयोगी पडतं. यूएसएमएलईने स्वतः मोफत ठेवलेले हे 120 प्रश्न लांबी आणि भाषेत परीक्षेच्या सगळ्यात जवळचे. त्यावर फक्त कच्ची टक्केवारी मिळते आणि 120 प्रश्नांचा एरर चार टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे फ्री 120 मध्ये 70 आले म्हणून एनबीएमईचा 63 झाकला जात नाही. ते वेग तपासण्यासाठी आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर हाताळण्यासाठी वापरा, परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी.

‘माझे एनबीएमई 60-62 होते, मी पास झालो’ अशा पोस्ट तुम्ही वाचल्या असतील. त्या खोट्या नसतात. 62 वाले बरेच जण पास होतातच. पण नापास झालेला माणूस आपले आकडे क्वचित टाकतो, आणि 58 वर अडकलेला बहुधा परीक्षाच पुढे ढकलतो, त्यामुळे तो कुठल्याच यादीत येत नाही. उरलेल्यांच्या आकड्यांवर कुणी सूत्र बसवलं, तर ते तुमच्यासारख्या काठावरच्या माणसाला नेहमीपेक्षा जास्त आशा दाखवणारच. वेबवर फिरणाऱ्या गुणांच्या कॅल्क्युलेटरमध्ये ही खोट असते. त्यातले जुने तर स्टेप 1 ला तीन आकडी गुण मिळायचे तेव्हाचे आहेत. 26 जानेवारी 2022 पासून निकाल फक्त पास किंवा नापास असा येतो आणि त्याच दिवसापासून पासची रेषा 194 वरून 196 वर गेली. ‘यूवर्ल्ड 58 म्हणजे 225’ छापाचे तक्ते अजून कुणी पाठवत असेल तर सरळ डिलीट करा.

गुण गेले, फक्त पास-नापास राहिलं, म्हणून परीक्षा सोपी झाली असंही नाही. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या कॉलेजांतून पहिल्यांदा बसणाऱ्यांचं पास होण्याचं प्रमाण 2021 मध्ये 82 टक्के होतं, 2022 मध्ये ते 74 वर आलं. रेषा दोन गुणांनी वाढली हे एक कारण, पण ‘पासच तर व्हायचंय’ म्हणून काठावरून उडी मारणारेही वाढले, हे त्यात दिसतं.

आता मधला पट्टा, 65 ते 67. इथे निर्णय गुणांपेक्षा परिणामांवर घ्या. नापास झाल्याची नोंद ट्रान्सक्रिप्टवर कायम राहते, आणि एका स्टेपला एकूण चारच प्रयत्न मिळतात. परदेशी पदवीधरांचे अर्ज चाळताना अनेक रेसिडेन्सी प्रोग्राम (अमेरिकेतलं पदव्युत्तर प्रशिक्षण देणारे) नापास प्रयत्न असलेले अर्ज आधी बाजूला काढतात. समोरच्या पारड्यात काय आहे? तीन-चार आठवड्यांचा उशीर, तारीख बदलण्याचं शुल्क, आणि घरच्यांच्या ‘झाली का परीक्षा?’ला आणखी महिनाभर उत्तर देणं. येत्या सप्टेंबरच्या अर्जांसाठी स्टेप 2 सीकेचा निकाल हातात हवा असेल आणि स्टेप 1 सरकवल्याने ते गणितच कोसळत असेल, तरच 65-66 वर बसण्याचा विचार करा. त्यातही चारही भाग सपाट हवेत, शेवटी घसरण नको. इंटर्नशिप आताच संपत असेल आणि अर्ज पुढच्या वर्षी करायचा असेल तर घाईला काहीच कारण नाही. फक्त तुमच्या एलिजिबिलिटीच्या, म्हणजे परीक्षा देण्यासाठी मंजूर झालेल्या, तीन महिन्यांत तारीख मिळते का ते आधी बघा. मुंबईत जागा नसेल तर अहमदाबाद, हैदराबाद, बेंगळुरूही पाहा. शुल्काची पायरी परीक्षा जवळ येईल तशी चढते, म्हणून नवा फॉर्म तारखेच्या आदल्या दिवशी नको, सहा-सात दिवस आधीच हवा.

या 12 दिवसांत अभ्यास कशाचा करायचा, हे अहवालातल्या विषयवार पट्ट्यांवरून ठरवण्याचा मोह होतो. एका फॉर्ममध्ये एखाद्या विषयाचे 12 प्रश्न असतील आणि सहा बरोबर आले, तर त्या 50 टक्क्यांचा एरर 14 च्या पुढे जातो. त्या पट्टीवरून चार दिवस एंडोक्राइनला देणं म्हणजे जुगार. दोन ऑनलाइन फॉर्मचे विषयवार आकडे एकत्र करा आणि दोन्हींत खाली असलेला विषयच निवडा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे चुकलेला प्रत्येक प्रश्न चार ढिगांत टाकणं: माहितीच नव्हती, दोन पर्यायांपर्यंत आलो आणि चुकीचा निवडला, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. 70 चुकांपैकी 30 दुसऱ्या ढिगात असतील तर नवं पुस्तक उघडू नका. त्या तीस प्रश्नांत हकिगतीतल्या कोणत्या ओळीने दुसरा पर्याय बाद होत होता, ती ओळ शोधा आणि वहीत लिहा. ‘दोनमध्ये अडकलो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा वय, कालावधी किंवा एखादी तपासणी नॉर्मल असल्याचा उल्लेख सुटलेला असतो.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे गुण दोन ठिकाणी स्वस्तात वाढतात: बायोस्टॅटिस्टिक्स, आणि पेशंटशी संवाद व एथिक्स. पहिल्यात सूत्रं थोडी आहेत आणि तीन-चार दिवसांत पक्की होतात. दुसऱ्यात आपली अडचण ज्ञानाची नसते, सवयीची असते. नातेवाइकांशी बोलून घेऊ, पेशंटला इतक्यात सांगायला नको, सीनियरना विचारू, असे पर्याय आपल्याला वॉर्डात बघितल्यामुळे बरोबर वाटतात. तिथे अपेक्षित असतं ते बहुधा सज्ञान पेशंटला आधी विचारणं आणि उघड प्रश्न विचारून त्याला बोलू देणं. असे 30-40 प्रश्न एका बैठकीत सोडवले की नमुना लक्षात येतो.

नीट-पीजीच्या ग्रँड टेस्टचे (पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांचे) आकडे यात मिसळू नका. तिथे रँक मोजतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, प्रश्नही बरेचसे आखूड. यूएसएमएलईला चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. ग्रँड टेस्टच्या सवयीने फॉर्ममध्ये सात-आठ प्रश्न कोरे ठेवणारे दिसतात. नुसत्या अंदाजाने त्यातले एक-दोन बरोबर आले असते.

स्टेप 2 सीकेबद्दल. तिथे तीन आकडी गुण अजून मिळतात आणि पास झाल्यावर गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही, म्हणून अंदाजाची किंमत तिथे जास्त. पासची रेषा 1 जुलै 2025 पासून 214 वरून 218 झाली आहे, पण परदेशी पदवीधराचं लक्ष्य त्याच्या बरंच वर असतं. त्या वेळी एनबीएमईचे सीसीएसएसए फॉर्म (स्टेप 2 सीकेच्या सराव परीक्षा) आणि यूवर्ल्डच्या स्वतःच्या सराव परीक्षा वापरा. दोन्ही तीन आकडी अंदाज देतात.

त्या अंदाजाला किती रुंदी द्यायची? मोजमापातली चूक प्रत्येक बाजूला 6 गुण धरू. एका फॉर्मवरून सांगितलेल्या आकड्यात फॉर्मची चूक आणि परीक्षेच्या दिवसाची चूक, दोन्ही येतात: 36 अधिक 36 चं वर्गमूळ, सुमारे साडेआठ. तीन फॉर्मची सरासरी घेतली की फॉर्मचा भाग 36 वरून 12 वर येतो आणि एकूण चूक सातच्या आसपास. दहा फॉर्म सोडवलेत तरी ती सहाच्या खाली जाणार नाही, कारण खरी परीक्षा एकदाच होते आणि तिचा योगायोग तसाच राहतो. म्हणून तीन-चार फॉर्मनंतर आणखी फॉर्म विकत घेऊन अंदाज अचूक होत नाही, फक्त पैसे जातात.

समजा शेवटच्या तीन फॉर्मची सरासरी 244 आली आणि तुम्हाला 240 हवेत. सातची चूक धरली तर 240 किंवा जास्त मिळण्याची शक्यता साधारण 70 टक्के, 250 ओलांडण्याची साधारण 20 टक्के. ‘माझा अंदाज 244’ याऐवजी ‘237 ते 251 मध्ये पडण्याची शक्यता दोन-तृतीयांश’ असं लिहून ठेवा आणि 237 आले तर तुमच्या यादीतले किती प्रोग्राम हातात राहतात, ते मोजा. निर्णय त्या खालच्या टोकावर घ्यायचा.

आणि फॉर्म आत्ताच जपून ठेवा. सीसीएसएसएचे सगळ्यात नवे दोन फॉर्म शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवा. त्यांच्यावरच्या चर्चा, व्हिडिओ, अभ्यासगटातली ‘फॉर्म अमुक, प्रश्न 37’ छापाची पोस्ट तोवर उघडू नका. सुरुवातीची पातळी तपासायला जुना फॉर्म वापरा. यूवर्ल्डची एक सराव परीक्षा मध्यावर आणि दुसरी परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी द्या. प्रत्येक वेळी तारीख, आकडा, चार भागांचे गुण, आणि त्या दिवशी एकही प्रश्न ओळखीचा वाटला का, या चार गोष्टी एका ओळीत लिहा. हेच कोष्टक स्टेप 1 साठी आज रात्री सुरू करता येईल. त्यात सध्या तुमच्या दोनच ओळी धरायच्या: 61 आणि 65.